टिपका खानापूरकडं वळला

बेळगावातल्या आमच्या वडगावच्या घरात बोलायचं म्हणजे ओरडायचंच. पुढच्या लांबट खोलीत आप्पांचे यंत्रमाग, मधल्या खोलीत आम्ही, मागं चूल आणि त्याच्याही मागं मोरी. सकाळी लाईट आली की माग सुरू व्हायचे ते रात्रीच्या जेवायच्या वेळेपर्यंत. भिंतीवरच्या फळीवर मांडलेली पितळेची भांडी दिवसभर किणकिणत असायची. पाहुण्यांना ते ऐकून डोकं दुखायचं. आम्हाला लाईट गेली की दचकायला व्हायचं, शांततेनं. आई तर मागाच्या आवाजात आमचे ओठ बघून बोलणं समजून घ्यायची. पुढं एकदा कानाच्या डॉक्टरांनी तिला तपासलं तेव्हा कळलं की डावा कान कधीच गेला होता. तिला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं.

अशा घरात माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, रेडिओचा नाद धरला. त्याचं नाव दत्ता, पण मी त्याला अण्णा म्हणायची. आप्पा साड्या विणायचे आणि अण्णा आमच्या तीनचाकी नव्हे, चांगल्या चारचाकी टेम्पोतून त्या गोव्याला पोचवायचा. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, खाली साखळी आणि मग पुढं म्हापसा. येताना तो कोकमं आणायचा, सुके बांगडे आणायचा आणि आई नाकाला पदर लावून ते परड्यात भाजायची. ह्या वाटेवर तासन्‌तास एकटं असायचं, म्हणून म्हणे त्याला रेडिओ हवासा झाला. परीक्षा देऊन त्यानं हौशी रेडिओचा सरकारी परवाना काढला. परवान्यावर अक्षरं आणि आकडे मिळून एक खूण होती. ती त्याची एकट्याची. जगात दुसऱ्या कुणाची न्हाय, असं तो मला सांगायचा. आई म्हणायची, "नाव ठेवलंय की आम्ही दत्तात्रेय. आणि कशाला पायजे?"

ह्या नादात त्याला जोडीदार मिळाले ते येळ्ळूरचे बाळूकाका. शेती करून शहरात नोकरी करणारे, अण्णापेक्षा वयानं बरेच मोठे, हसले की डोळे मिटणारे. त्यांचं घर येळ्ळूरात उंचावर होतं. त्यांच्या गच्चीवर दोघांनी मिळून एक खांब उभा केला आणि त्याला एक यंत्र जोडलं. टेम्पोतला अण्णाचा सेट आपण कुठं आहोत ते उपग्रहावरून ओळखायचा आणि थोड्या थोड्या वेळानं हवेत सांगायचा. बाळूकाकांच्या गच्चीवरचं यंत्र ते ऐकायचं आणि पुन्हा मोठ्यानं सांगायचं. आमच्या मधल्या खोलीतला जुना संगणक ते झेलायचा आणि नकाशावर एक लाल टिपका पुढं सरकायचा. टिपक्याशेजारी अण्णाची खूण आणि टेम्पोचा वेग. नकाशासुद्धा अण्णानंच केलेला. आमच्या बाजूचा तयार नकाशा तेव्हा मिळत नव्हता, म्हणून रस्त्यारस्त्यानं टेम्पो फिरवून त्यानं तो काढला होता. त्यात देसूरजवळ आमच्या मावशीचं घर होतं, एक चहाची टपरी होती आणि जिथं आमचा पहिला टेम्पो पंक्चर झाला होता ते वडाचं झाडसुद्धा होतं.

सेटवर बोलता यायचं नाही. एकच सेट, तो जागा सांगण्यात गुंतलेला. बोलायचा दुसरा घ्यायचा असं चाललं होतं.

नवा संदेश आला की संगणकाच्या बाजूच्या छोट्या स्पीकरमधून 'चर्र' असा आवाज यायचा. तापल्या तेलात मोहरी पडल्यासारखा. आई त्याला फोडणीच म्हणायची. तिच्या उजव्या कानाला तो आवाज मागाच्या दणक्यातूनही बरोबर ऐकू यायचा, हे एक नवलच. ती पिठाच्या हातानं दारात यायची आणि विचारायची, "सुमे, फोडणी पडली न्हवं? कुठं हाय?" मी म्हणायची, "जांबोटीत." मग ती आत जाऊन तांदूळ धुवायची. टिपका जांबोटीला दिसला की भात, पिरनवाडीला आला की भाकरी तव्यावर. अण्णा दारात चप्पल काढतोय तोवर ताट वाढलेलं असायचं आणि भाकरीचा पापुद्रा वाफेनं फुगलेला. आप्पा आधी ह्या सगळ्याला पोरखेळ म्हणायचे. नंतर नंतर मागाचा धोटा बदलायच्या निमित्तानं उठून यायचे, पडद्याकडं बघायचे आणि परत जायचे. एकदा मी त्यांना पकडलं तर म्हणाले, "पाणी प्यायला आलतो." पाण्याचा माठ दुसऱ्या कोपऱ्यात होता.

जांबोटीच्या पुढं डोंगर लागले की टिपका दिसेनासा व्हायचा. अण्णा म्हणायचा, डोंगराची सावली पडते. सावलीत आवाज पोचत नाही. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा आई चुलीपुढं बसून राहिली होती. मग अण्णानं तिला समजावलं, "आई, टिपका गेला म्हणजे मी गेलो न्हवं. माघारी जांबोटीला आलो की दिसणारच." तशी सवय झाली. मोबाईल अण्णाकडं होता, पण तेव्हा त्याची रेंज शहर सुटलं की सुटायची. आमच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या शिंप्याच्या दुकानातला फोन आम्ही वापरायचो.

आता माझी लेक पुण्याला शिकायला असते. रात्री-अपरात्री उशीर झाला की ती फोनवर मला तिची जागा पाठवते, म्हणजे मी काळजी करू नये. पडद्यावर एक निळा ठिपका सरकत असतो. मी तिला छान छान म्हणते आणि फोन पालथा ठेवते. तिला मी कधी कारण सांगितलेलं नाही. हे वाचलं की तिला कळेल.

त्या वर्षी खानापूरच्या शैलाशी अण्णाची सोयरीक ठरली होती. साखरपुडा झाला होता, लग्न दिवाळीनंतर. शैला शिवण शिकवायची. साखरपुड्याला तिनं आईच्या पाया पडताना आईचा पदर खांद्यावरून घसरलेला नीट करून दिला, एवढ्यावर आई तिच्यावर जीव टाकायला लागली. अण्णानं लगोलग नकाशावर खानापुरात एक नवं घर काढलं. त्याला नाव दिलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "पोस्ट ऑफिस हाय ते." मी हसून हसून खोकले.

पावसाळा ऐन भरात होता तेव्हाची गोष्ट. तिकडं कणकुंबीला पाऊस कोसळत होता, आमच्याकडं नुसती भुरभुर. अण्णा सकाळी साड्या घेऊन गेला. जाताना आईनं दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची पुडी विसरला आणि परत येऊन घेऊन गेला. टिपका जांबोटीपर्यंत दिसला, मग सावलीत शिरला. मी कॉलेजला सुट्टी म्हणून घरीच, पुस्तक मांडीवर घेऊन संगणकापुढं बसले होते. एरवी तो परत दिसायला दुपार कलायची. त्या दिवशी आप्पांचा सकाळचा दुसरा चहासुद्धा झाला नव्हता आणि फोडणी पडली.

आई दारात आली. "एवढ्यात?"

"जांबोटीत हाय," मी म्हणाले. "माघारी येतोय."

आप्पाही आले. म्हणाले, "घाटात झाड पडलं असंल. रस्ता बंद. शहाणपणानं माघारी फिरला बघ." ते खूश झाले होते. वेग बघितला तर तीसच्या आतबाहेर. निवांत. आप्पा म्हणाले, "पावसाचं बेतानं चालवतोय." आईनं तांदूळ धुतले.

आणि मग जांबोटीच्या फाट्यावर टिपका बेळगावच्या रस्त्याला न लागता खानापूरकडं वळला.

मी आईला सांगितलं. ती चुलीपुढनंच हसली. असं हसलेलं मी तिला क्वचितच बघितलं होतं, तोंडावर हात ठेवून, लहान पोरीसारखी. "गेला असंल सासरवाडीला. लाज हाय का बघा! लग्नाआधी जावई दारात." आप्पा म्हणाले, "माल भिजायचा की गाडीत." पण त्यांनाही हसू आवरलं नाही. आईनं भाताचं भांडं चुलीवरनं खाली उतरवलं. "आता तिकडंच जेवंल," म्हणाली, "पर रात्रीला होईल भात."

टिपका रमत गमत खानापुरात शिरला. नकाशावरच्या त्या बिननावाच्या घराकडं मात्र गेला नाही. बाजाराच्या अलीकडं थांबला. मला वाटलं, काहीतरी विकत घेत असेल. रिकाम्या हातानं कसा जाईल? किल्ली काढली की सेट 'थांबलो' असं सांगून बंद व्हायचा, म्हणून टिपका तिथंच चिकटून राहिला. मी पुस्तकाची पानं उलटत बसले.

मग पुन्हा 'चर्र'. टिपका खानापुरातून बाहेर पडला होता आणि बेळगावच्या मोठ्या रस्त्याला लागला होता. वेगाचा आकडा बघितला आणि मी तो पुन्हा बघितला. ऐंशीच्या वर. आमचा टेम्पो तेवढा पळतो हेच मला माहीत नव्हतं. मी आप्पांना हाक मारली. मागाच्या आवाजात त्यांना ऐकू गेली नाही, मी जाऊन त्यांचा हात धरला. ते आले आणि पडद्यापुढं वाकले. मग म्हणाले, "असं चालवत न्हाय तो कवा."

आई मागं येऊन उभी राहिली होती. "काय झालं? तुझ्या वैनीनं जेवायला घातलं न्हाय वाटतं," असं काहीतरी ती म्हणाली, पण आमची तोंडं बघून गप्प झाली.

आम्ही तिघंही तिथं उभे होतो. आप्पांनी माग बंद केले. तेव्हा प्रत्येक वेळी ती फोडणी फार मोठी वाटायला लागली. टिपका देसूरवरून गेला. पिरनवाडीवरून गेला. उद्यमबाग मागं पडली. आई म्हणाली, "आता वळंल हिकडं. रेल्वेच्या तिसऱ्या फाटकापासनं वळंल." ती पडद्याला सांगत होती. "वळ की रं." टिपका वळला नाही. सरळ टिळकवाडीतून शहरात गेला आणि मोठ्या सरकारी दवाखान्याच्या आवारात जाऊन थांबला. मग आवाज आला नाही.

आप्पांनी टोपी घातली. मी त्यांच्याबरोबर निघाले. आई त्या टिपक्यापुढं खाली बसली, आणि आम्ही रिक्षा बघायला बाहेर पडलो.

दवाखान्याच्या आवारात आमचा टेम्पो तिरपा उभा होता, दार उघडंच. शेजारी चिखलानं माखलेला एक मध्यमवयीन माणूस उभा होता. त्याच्या हातात अण्णाच्या चपला होत्या. तो कणकुंबीचा विठोबा. आप्पांनी त्याला विचारलं, "माझा पोरगा?" त्यानं चपला पुढं केल्या. आप्पांनी त्या घेतल्या. त्यावरूनच कळलं.

घाटाच्या अलीकडं रस्त्यावर झाड आडवं पडलं होतं. गाववाले ते तोडून बाजूला ओढत होते. अण्णा टेम्पो उभा करून त्यांना हात द्यायला उतरला. एक जाड फांदी तुटताना उसळली आणि त्याच्या पोटावर बसली. रक्त नाही, जखम नाही. तो उठून बसला, पाणी प्याला, चालत टेम्पोपर्यंत आला. विठोबा ट्रॅक्टर चालवणारा. तो म्हणाला, मी नेतो. पोटात आतून रक्त जात होतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. खानापूरच्या दवाखान्यात त्यांनी तपासलं, सलाईन लावलं आणि म्हणाले, इथं होणार नाही, कानडीत "लगून होग्री," लवकर जा. बेळगावात पोचायच्या आधीच तो गेला होता.

पुढचं काय झालं ते मला सलग आठवत नाही. घर माणसांनी भरलं होतं आणि माग बंद होते. शैला आपल्या आईबरोबर आली होती. ती कोपऱ्यात बसून राहिली, जाताना फक्त संगणकाकडं बघून मला म्हणाली, "हेच का ते?" मी हो म्हणाले. टिपका अजून दवाखान्यातच होता. टेम्पो तिथंच उभा, आणि शेवटची जागा पडद्यावर राहिली होती. संगणक बंद करायला कुणाचा हात होईना. आई त्याच्या जवळच निजायची.

तिसऱ्या दिवशी, राख सावडून झाल्यावर, बाळूकाका म्हणाले, "टेम्पो मी घिऊन येतो." कुणाच्याच डोक्यात आलं नाही. किल्ली फिरवली की सेट चालू होणार, हे त्यांच्याही डोक्यात आलं नाही. आई दाराजवळ भिंतीला टेकून बसली होती, दोन बायका तिच्याशेजारी. मधल्या खोलीतून 'चर्र' असं वाजलं.

आई उठली. बायकांचे हात झटकून ती आत धावली आणि पडद्याला जवळजवळ तोंड लावून बघायला लागली. टिपका हलत होता. "सुमे!" ती ओरडली. "आला गं! निघाला तिथनं!" मी तिला धरलं. ती माझ्याकडं अशी बघत होती, की मीच वेडी. "सांगितलं होतं की त्यानं. टिपका गेला म्हणजे मी गेलो न्हवं. असंच म्हणाला होता न्हवं? सांग की!" आप्पा दारात आले आणि तिथंच खांबाला धरून उभे राहिले. टिपका शहापुरातून वडगावात आला, आमच्या गल्लीत वळला. बाहेर टेम्पोचा आवाज आला. आई धावत बाहेर गेली.

बाळूकाका इंजिन चालूच ठेवून खाली उतरत होते. तिला बघून ते टेम्पोच्या दारातच थांबले.

आईनं टेम्पोत वाकून बघितलं. मागं जाऊन बघितलं. साड्यांचे गठ्ठे तसेच होते. मग ती रस्त्यावरच बसली. रडली नाही. तिनं फक्त बाळूकाकांना विचारलं, "तुम्ही कशाला आणलासा ओ?"

बाळूकाकांना तेव्हा कळलं. ते लगेच टेम्पोत शिरून तारा काढायला लागले. तशी आई उठली आणि त्यांचा हात धरला. "काढू नका. ऱ्हाऊ द्या. फिरवत जावा कवा तरी. नुसतं फिरवून आणा."

"वैनी," बाळूकाका म्हणाले, "ती खूण त्याची हाय. माणूस न्हाय म्हटल्यावर ती हवेत जाता कामा न्हाय. कायदा हाय तसा."

"कायद्याला काय त्रास होतोय माझ्या पोराचा?"

सगळी गल्ली बघत होती. आप्पांनी आईला आत नेलं आणि बाळूकाकांनी तारा काढल्या. काढताना तो एवढा मोठा माणूस असा रडत होता, की त्याच्या हातातनं पक्कड दोनदा पडली. संगणकाच्या प्रोग्रॅमला अण्णानंच शिकवलं होतं, 'थांबलो' असं न सांगताच बराच वेळ आवाज आला नाही तर ते चिन्ह पुसून टाकायचं. त्याप्रमाणं टिपका आमच्या घरावर थोडा वेळ राहिला आणि गेला. नुसता नकाशा उरला.

बाळूकाका पुढं मला म्हणायचे, तू परवाना काढ, तुला सगळं येतंय. मी काढला नाही. माग पुन्हा सुरू झाले, कारण पोट होतं. टेम्पो निपाणीच्या एका तंबाखूवाल्याला दिला. शैलाचं लग्न पुढं कोल्हापूरकडं झालं; चांगलं झालं असं ऐकलं. पण त्या पहिल्या दिवसांत आईनं खाणं जवळजवळ सोडलं होतं. पाण्यात भाकरी बुडवून दोन घास, तेही आप्पा समोर बसले तर.

तेराव्याला विठोबा आला. कणकुंबीहून एसटी बदलत, हातात नाचणीच्या पिठाची पिशवी घेऊन. आईनं त्याच्याकडं बघितलं, पण काही विचारलं नाही. जेवण झाल्यावर आप्पा आणि मी त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेलो. वाटेत आप्पांनीच विचारलं, "काय बोलला का रं त्यो?"

विठोबा चालायचा थांबला. "बोलत हुते की. पार खानापूरपातूर बोलत हुते."

"काय?"

तो म्हणाला, "मी गाडी दाबून मारायला लागलो, तर म्हणाले, बेतानं चालवा. म्हटलं, अवो तुमास्नी दुखतंय. तर म्हणाले, घरी आई बघत बसलीया. गाडी जोरात दिसली तर घाबरंल. मला काय ते कळंना. घरी बसून कसं दिसंल? मला वाटलं, भरमतंय. पर दर वळणाला तेच. बेतानं. आई बघतीया. म्हणून मी बेतानं घेतली." त्यानं पुढच्या रस्त्याकडं हात केला. "खानापूर सोडलं आन् बोलायचेच थांबले. मग कुणाचं ऐकू मी? मग मारली गाडी."

आप्पांनी विठोबाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून त्याला एसटीपर्यंत नेलं. खिडकीतून आत बघून म्हणाले, "तू चांगलं केलंस. मनाला लावून घिऊ नको." एसटी गेली. मग ते एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. मी शेजारी बसले. जांबोटी ते खानापूर तो टिपका कसा निवांत चालला होता, आम्ही कसे हसलो होतो, हे आमच्या दोघांच्याही डोळ्यांपुढं होतं. डॉक्टर दवाखान्यात म्हणाले होते, थोडं आधी आणलं असतं तर. किती थोडं, ते आम्ही विचारलं नव्हतं.

"आईला ह्यातलं कायबी सांगायचं न्हाय," आप्पा म्हणाले. "मी मेल्यावरबी न्हाय."

घरी आलो तर आई चुलीपुढं बसलेली. आप्पा पाटावर बसले. तिनं त्यांच्याकडं न बघताच विचारलं, "काय म्हणाला त्यो माणूस? शेवटाला काय बोलला का माझा दत्ता?"

"न्हाय," आप्पा म्हणाले. "शुद्धच नव्हती म्हणे. जागेवरच हरपली. काय कळलं न्हाय त्याला."

आईनं चुलीतला निखारा सारखा केला. मग तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मग बरं झालं," ती म्हणाली. "म्हंजे मला हाक न्हाय मारली त्यानं. मला वाटत हुतं, त्यो मला हाका मारत असंल आन् मी हितं हसत बसले." आणि तिनं स्वतः हात लांब करून ताट पुढं ओढलं.

आप्पा उठून परड्यात गेले. मी तिला भात वाढला. ती जेवली.